मावशी, तो खड्डा २०२५ सालीच बुजला

मावशीच्या ओट्यावर गोळ्यांचा डबा असतो, रविवार ते शनिवार असे कप्पे असलेला. परवा न्यू जर्सीत एडिसनला तिच्याकडे गेले, तर प्रत्येक कप्प्यात एलिक्विसच्या, म्हणजे रक्ताची गुठळी रोखणाऱ्या औषधाच्या, अर्ध्या गोळ्या. भाजीच्या सुरीने कापलेल्या, कडा चुरलेल्या. विचारलं तर म्हणाली, "अगं, आपण आता गॅपमध्ये आहोत ना! डिसेंबरपर्यंत पुरवतेय."

हे ज्ञान एका ढकलपत्रातून आलेलं. म्हणे, सप्टेंबर उजाडला की मेडिकेअरचं, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या आरोग्यविम्याचं, 'डोनट होल' (हीच ती गॅप) लागतं आणि औषधांचा सगळा खर्च आपल्या खिशातून. म्हणून डोस अर्धा करा, औषधं भारतातून मागवा, पार्ट डी (मेडिकेअरचा औषधांचा विमा) बंद करा, औषध कंपन्यांची सवलतीची कुपनं वापरा. खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

आधी त्या सुरीबद्दल. मावशीच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ नये म्हणून ही गोळी आहे. तिच्या माहितीपत्रकात सगळ्यात वर, चौकटीत इशारा छापलाय, की मध्येच बंद केली तर गुठळीचा धोका वाढतो. कमी ताकदीची, अडीच मिलिग्रॅमचीही गोळी मिळते, पण ती कोणाला द्यायची हे डॉक्टर वय, वजन आणि किडनीचा रिपोर्ट बघून ठरवतात. सप्टेंबर आला म्हणून नाही! स्ट्रोक आला तर किती डॉलर वाचले म्हणायचे?

आणि हे सगळं कशासाठी, तर जी गॅप आता नाहीच तिच्यासाठी. होती, हे कबूल. २००६ मध्ये पार्ट डी सुरू झाला तेव्हा त्या टप्प्यात खरंच शंभर टक्के भरावे लागत. २०१० च्या कायद्याने ती हळूहळू अरुंद केली आणि २०२२ च्या कायद्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून तो टप्पाच रद्द झाला. सरकारकडून घरी येणारी 'मेडिकेअर अँड यू' ही पुस्तिका उघडा. यंदा, २०२६ मध्ये, प्लॅनच्या यादीतल्या औषधांवर स्वतःचे २,१०० डॉलर झाले, की उरलेल्या वर्षात त्या औषधांना शून्य. म्हणजे ढकलपत्र बरोब्बर उलटं आहे. चटका बसतो तो जानेवारीत, कारण तेव्हा ६१५ डॉलरपर्यंत डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम, असतं. वर्ष सरत येतं तसा भार हलका होतो, आणि मावशी नेमकी तेव्हाच काटकसर करत होती. जानेवारीचा चटका जड जात असेल तर प्लॅनला सांगून ती रक्कम महिन्यांवर विभागून घेता येते, बिनव्याजी. एलिक्विसची तर सरकारने वाटाघाटी करून ठरवलेली किंमत यंदापासून महिन्याला २३१ डॉलर आहे; आधीची छापील किंमत ५२१ होती.

एवढं मात्र खरं, की विम्याचा हप्ता त्या २,१०० मध्ये धरत नाहीत आणि यादीबाहेरचं औषधही नाही. तिथे अजूनही खिसा फाटू शकतो. म्हणून १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या काळात यादी तपासून प्लॅन बदलायचा असतो.

बाकीचं पटकन. पार्ट डी (किंवा तोडीचं दुसरं कव्हर) सलग ६३ दिवस नसेल, तर नंतर परत घेताना दंड लागतो. कव्हर नसलेल्या प्रत्येक महिन्यामागे सरकारने ठरवलेल्या पायाभूत हप्त्याच्या एक टक्का, आणि तोही बहुतेकांना कायमचा. भारतातून आणलेल्या औषधाचा एक सेंटही त्या २,१०० च्या मर्यादेत धरला जात नाही. कंपन्यांची कुपनं मेडिकेअरवर चालत नाहीत, केंद्रीय कायदा आड येतो. खरी मदत हवी तर उत्पन्न कमी असणाऱ्यांसाठी मेडिकेअरची 'एक्स्ट्रा हेल्प' आहे, आणि न्यू जर्सीत 'पाड' ही राज्याची योजना आहे, ज्यात बसलात तर जेनेरिकला ५ आणि ब्रँडला ७ डॉलर. ढकलपत्रात यातलं अक्षर नाही.

डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून डबा पुन्हा भरला. मग ज्या काकांनी ते ढकलपत्र मावशीला पाठवलं होतं त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "मी कुठे वाचलं? आलं, ढकललं."