जुनं घड्याळ घ्यावं तर नवंकोरं

पन्नास वर्षांचं घड्याळ हवंय, पण कालच खोक्यातून काढल्यासारखं? मग शुक्रवारी सकाळी चोर बाजार गाठा आणि नारिंगी किंवा मोरपंखी डायलचं एखादं उचला. असा रंग कंपनीने कधी काढला होता का, हे विचारून पोटासाठी बसलेल्या विक्रेत्याचा दिवस खराब करू नका. परदेशातले शौकीन अशा नव्याने रंगवलेल्या डायलच्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. कौतुकानेच म्हणत असणार.

भिंग मात्र चुकूनही नेऊ नका. दहापट मोठं केलं की नको ते दिसतं. कारखान्यातल्या छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी बरोब्बर जुळतात. मी भिंग नेलं नव्हतं, म्हणून तर मला देवनागरीतली एचएमटी 'जनता' मिळाली. घरी येऊन पाहतो तो शिरोरेघ इथे जाड, तिथे बारीक, आणि 'न' थेट 'ता'च्या गळ्यात पडलेला. जनतेत एवढा जिव्हाळा एरवी कुठे बघायला मिळतो? मागचं झाकण उघडून डायल बाहेर काढली, तर कडेला कानशीने पाडलेली इवलीशी खाच. पुन्हा छापताना डायल साच्यात सरळ बसावी म्हणून रंगारी बऱ्याचदा अशी खाच पाडतात. झाकण उघडायला सांगितलं होतं कुणी?

अंधारातली परीक्षा तर टाळाच. आपण गाडीच्या नंबरप्लेटवरच्या चकाकीलाही 'रेडियम' म्हणतो, पण जुन्या डायलांवर खरोखरच रेडियम असायचं. पुढे 1960च्या दशकात ट्रिटियम आलं. स्विस घड्याळात सहाच्या खाली 'टी स्विस टी' दिसतं, ते त्याचंच. ट्रिटियम दर 12.3 वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे पन्नास वर्षांत जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. रेडियम निम्मं व्हायला 1600 वर्षं लागतात, पण उजेड देणारं झिंक सल्फाइड त्याच्या माऱ्याने केव्हाच थकून जातं. तरीही तुमची 1965ची डायल रात्री नाइटलॅम्पसारखी उजळली, तर आजोबांची तब्येत ठणठणीत आहे एवढंच समजा. आकड्यांवरचे ठिपके दुधासारखे आणि काट्यांमधला लेप चहासारखा असेल, तर दोन्ही एकाच चुलीवरचे, असं म्हणून पुढे चला.

आता घरातलं काम. वडिलांचं घड्याळ कपाटात पडलं असेल, तबकडी तांबूस झाली असेल, सहापाशी ओल लागून नक्षी उमटली असेल. लोकांना काय तोंड दाखवणार? लगेच रंगवायला द्या. रंगारी आधी जुना रंग पार धातूपर्यंत उतरवतो. रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी चावी देताना वडील जिच्याकडे बघायचे, ती डायल अर्ध्या तासात थिनरच्या वाटीत उतरते. चार दिवसांनी जा. "नयी जैसी हो गयी, साब," असं म्हणत तो घड्याळ हातात ठेवेल. घासाघीस केलीत तर पट्टाही फुकट देईल.