क्लच गेला

काल संध्याकाळी ऐन गर्दीत अलका टॉकीजच्या चौकात माझ्या मोटारसायकलची क्लच वायर तुटली. सिग्नल सुटला, मागच्या बसवाल्याने हॉर्नवर ठेवलेला हात काढलाच नाही, आणि मी गाडी रेटत फुटपाथला लागलो. इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पुढचं फुटपाथवर उभं होतं. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी.

"हाफ क्लचवर चालवता का?"

"नाही हो काका, वायर तुटलीय."

"तेच म्हणतोय मी. हाफ क्लच."

"हाफ क्लचने प्लेटा झिजतात. वायर तुटते ती गंजून, नाहीतर लिव्हरपाशी एकेक तार सुटत जाऊन."

"तुम्ही मेकॅनिक आहात?"

"नाही."

"मग?"

या 'मग?'ला उत्तर नसतं. काकांनी पिशवी खाली ठेवली. म्हणजे मुक्काम होता.

"मी चेतक चालवलीय. 1972 साली आली ती. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक. डाव्या हातात क्लच आणि डाव्याच हातात गिअर! क्लच दाबायचा, मूठ पिरगाळायची. तुमचं हे पायाने गिअर टाकणं म्हणजे काय, गंमत आहे. आयुष्यात कधी वायर तुटली नाही."

"कधीच?"

"एकदा तुटली. पण तेव्हा मेव्हण्याने नेली होती."

मेव्हण्याचं पुढे बरंच आलं. तो हाफ क्लचवर चालवायचा, हे वेगळं सांगायला नको.

मेव्हणा चालू असतानाच मी घरच्या ग्रुपवर टाकलं, 'उशीर होईल. क्लच तुटला.' बायकोचं लगेच आलं, 'केसांचा ना? जाऊ दे. तुळशीबाग जवळच आहे, दोन घेऊन ये. काळे.' मागोमाग बहीण, 'कुठला?? वहिनीला लग्नात न्यायला दिलेला मोत्यांचा? दादा, महागातली पर्स आहे ती!' मग भाचा, 'मामा क्लच मारला??? वन व्ही फोर?' त्यांच्या मोबाइल गेममध्ये आपले सगळे मेल्यावर उरलेला एकटा गडी समोरच्या चौघांना लोळवतो, त्याला क्लच म्हणतात म्हणे. समोर बस, दोन टेम्पो आणि काका होते, त्यामुळे चौघांचा हिशोब बसत होता. लोळवणं तेवढं बाकी होतं. गाडी बंद पडली असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आणि खरं सांगू का, वायर तुटली याचं मला नवलच वाटत नाही. क्लच गिअर बदलायला असतो, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे तो दोन हात पुढे सरकून परत थांबायला लागतो. रस्ता एका बाजूने खणलेला, दुसऱ्या बाजूला गाड्या लावलेल्या, मधल्या पट्टीत आपण, डावी मूठ आवळून. रात्री पोळीचा तुकडा मोडताना बोटं दुखतात. रोड टॅक्स मात्र गाडी घेतानाच एकरकमी घेऊन ठेवलाय.

"क्लचशिवाय चालते गाडी," काका म्हणाले. "न्यूट्रलमध्ये चालू करा, धावत ढकला, वेग आला की पहिला टाका आणि उडी मारून बसा."

"आणि सिग्नलला?"

"थांबायचं नाही."

हे त्यांनी चौकात, वाहतूक पोलिसाच्या देखत सांगितलं.

शेवटी गाडी ढकलत गल्लीतल्या गॅरेजपर्यंत नेली. काका सोबत आले. ढकलायला हात लावला नाही, पिशवी तेवढी माझ्या सीटवर ठेवली. गॅरेजवाल्याने चहा थंड व्हायच्या आत नवी वायर घातली आणि वायरीपेक्षा जास्त लेबर लावलं. मी पाकीट काढलं तेव्हा काका रस्त्याकडे बघत होते. पैसे देऊन झाल्यावर वळले.

"ती तुटकी वायर टाकणार असाल तर द्या इकडे. फाटकाला बांधायला होईल."

गॅरेजवाल्याने मला न विचारता देऊन टाकली.