"मार खाल्ला म्हणून घडलो" या मेसेजला एका शिकवणीवाल्या बाईचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. शाळेच्या मैत्रिणींच्या, सोसायटीच्या आणि माझ्या शिकवणीच्या पालकांच्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आम्हाला गुरुजी फोडून काढायचे म्हणून आम्ही घडलो. रागावलं की पोरगं सुधारतं, कौतुक केलं की शेफारतं. कायद्याने शिक्षकांचे हात बांधले. दंडाशिवाय माणूस वळत नाही. आणि बक्षीस म्हणजे लाच.

पालकांच्या ग्रुपवर त्याच्याखाली एका वडिलांनी मला लिहिलं, "मॅडम, आमचा पोट्टा ऐकूनच नाही राहिला. दोन ठेवून द्या न. आपली परवानगी आहे."

मी नागपुरात मानेवाड्याला घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवते, चौदा वर्षं झाली. असे मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. हा सोडवला नाही, कारण असं काही वाचलं की त्या रात्री कुठल्या तरी घरात पट्टा निघतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"मार खाल्ला, म्हणून घडलो."

मार खाल्ला हे खरं, घडलात हेही खरं. मधला "म्हणून" कुठून आला? आमच्या वर्गात सतराचा पाढा चुकला की उलट्या हातावर लाकडी पट्टी उभी बसायची. एक मुलगी पाढ्यांच्या तासाला रोज पोट धरून बसायची. पुढे तिने शाळाच सोडली. ती आमच्या ग्रुपवर नाही. ग्रुपवर आहोत त्या मार खाऊनही निभावलेल्या. नुसत्या आमच्याकडे बघून माराचा हिशोब लावला तर तो चुकणारच.

मार काय शिकवतो, ते मला मागच्या पावसाळ्यात दिसलं. कोन काढायचा होता म्हणून एका मुलाला कंपासपेटी मागितली. तो देईना. शेवटी दिली, तर कोनमापकाखाली आठ घड्या घातलेला कागद. गणिताची चाचणी, वीसपैकी चार. खाली बापाची सही त्यानेच केलेली. सही इतकी हुबेहूब होती की त्यामागे किती सराव असेल, हे लक्षात येऊन मला रडू आलं. घरी गुण कमी पडले की मार बसतो, हे त्याला पक्कं कळलं होतं. त्यावरून तो अपूर्णांक शिकला नाही, लपवायला शिकला. मेहनत दोन्हीला सारखीच लागते.

बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1938 साली याचा एक प्रयोग मांडला. उंदरांना कळ दाबली की दाणा मिळतो, हे शिकवलं. मग दाणा बंद केला. काही उंदरांना सुरुवातीला कळ दाबली की पंजावर चापटी बसे. तेवढ्यापुरतं त्यांचं दाबणं कमी झालं. चापटी थांबली तशी ती पुन्हा दाबू लागली आणि शेवटी चापटी खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या उंदरांनी एकूण कळ जवळपास सारख्याच वेळा दाबली. सवय तशीच होती, फक्त दबून बसली होती.

शिक्षा कधीच चालत नाही, असं मी म्हणणार नाही. ते खोटं ठरेल. नागपूरच्या घराघरांत लोखंडी कूलर आहे. ओल्या हाताने त्याला हात लावून ज्याने एकदा झटका खाल्ला, तो जन्मभर आधी बटण बंद करतो. पण तो झटका त्याच क्षणी बसतो. आज बसला, उद्या पाहुणे आले म्हणून माफ झाला, असं होत नाही. आणि कूलरला कोणाचा राग नसतो. घरातला मार असा असतो का? चूक सकाळची, मार संध्याकाळी, तोही बाबांचा ऑफिसातला दिवस कसा गेला त्यावर. शिवाय झटका फार तर "हात लावू नको" एवढंच शिकवतो. कूलर दुरुस्त कसा करायचा, हे काही तो शिकवत नाही.

"रागावलं की सुधारतं, कौतुक केलं की शेफारतं."

या मुद्द्यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हा लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. मीही पाहिलाय. शुद्धलेखनात एखादीला वीसपैकी वीस मिळाले, मी तोंडभरून कौतुक केलं, पुढच्या वेळी चौदा. दुसऱ्याला पाच मिळाले, मी झापलं, पुढच्या वेळी नऊ. सुरुवातीची काही वर्षं मलाही वाटायचं की झापणंच लागू पडतं.

डॅनियल काहनेमन यांना 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तरुणपणी ते इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवायला गेले होते. एक अनुभवी प्रशिक्षक उठून हेच बोलला: विमान सुरेख वळवलं म्हणून शाबासकी दिली की पुढच्या वेळी पोरगं घाण करतं, शिव्या घातल्या की नीट करतं. काहनेमन यांनी जमिनीवर खूण केली आणि प्रत्येकाला पाठ फिरवून, न बघता दोन नाणी फेकायला लावली. पहिलं नाणं ज्यांचं खुणेच्या अगदी जवळ पडलं, त्यांचं दुसरं बहुतेक वेळा लांब गेलं. ज्यांचं पहिलं फार लांब, त्यांचं दुसरं जवळ आलं. तिथे कोणी शाबासकी दिली नव्हती, कोणी शिव्या घातल्या नव्हत्या.

मी हे माझ्या मुलांकडून कागदाचे बोळे आणि प्लास्टिकची बादली घेऊन करवून घेतलं. बहुतेकांचं तसंच झालं. एक पाचवीतली मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तुम्ही मागच्या वेळी मला उगाच रागावल्या न?" हो, उगाच रागावले होते. फार वाईट दिवसानंतरचा दिवस एरवीही थोडा बरा जातो आणि फार चांगल्या दिवसानंतरचा थोडा उतरतो. रागावणं आपण नेमकं वाईट दिवशी करतो, म्हणून सुधारणेचं श्रेय त्याला जातं. कौतुक चांगल्या दिवशी करतो, म्हणून घसरणीचा दोष कौतुकावर येतो.

या सगळ्यात खरं कोण शिकतं? रागावणारा शिकतो. ओरडलं की पोरगं गप्प होतं, ही आपल्याला लगेच मिळणारी खाऊची पुडी आहे. म्हणून आपण पुन्हा ओरडतो, पुढच्या वेळी आणखी जोरात. मुलाला वळण लागलं की नाही कोणास ठाऊक, आपल्याला मात्र सवय लागते.

"कायद्याने हात बांधले."

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं सतरावं कलम मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घालतं. अभ्यास तपासायला, चूक दाखवायला, वही पुन्हा लिहून घ्यायला, पालकांना बोलवायला बंदी नाही. शिकवण्याचं कुठलं काम त्या कलमाने अडतं, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

"दंडाशिवाय माणूस वळत नाही."

सीताबर्डीला व्हेरायटी चौकाच्या अलीकडे दहा मिनिटं उभे राहा. हेल्मेट कोपरात अडकवलेलं असतं. पोलीस दिसला की ते डोक्यावर चढतं, चौक ओलांडला की पुन्हा कोपरात. दंडाने लोकांना पोलीस कुठे उभा असतो ते शिकवलं, डोकं सांभाळायला शिकवलं नाही. माझा मुलगाही असंच करायचा. दंड नकोच, असं मी म्हणत नाही. दंड खात्रीने, दर वेळी बसला तर माणूस वळतो, हे मला मान्य आहे. पण मेसेज लिहिणाऱ्याला तो कडक हवा आहे, आणि कडक असणं वेगळं, खात्रीचा असणं वेगळं.

दंडाने उलटंही होतं. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या दहा पाळणाघरांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सहा ठिकाणी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. आधी ताई ताटकळतील याची लाज वाटायची, आता पैसे भरले की झालं. दंड काढून टाकल्यावरही लाज परत आली नाही.

"बक्षीस म्हणजे लाच."

इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. माझ्या बहिणीने उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरायचे मुलाला दर वेळी दहा रुपये लावले. आधी तो हौसेने पाइप धरायचा, खसच्या ताट्या भिजवताना अंगावर पाणी घ्यायचा. मे संपेपर्यंत पैसे हातात पडल्याशिवाय नळ उघडेना. 1973 साली अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात हेच दिसलं: चित्रं काढायला आवडणाऱ्या ज्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं, ती नंतर मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांचं तसं झालं नाही. म्हणजे आवडीच्या कामावर सौदा लावू नये. सगळं बक्षीसच वाईट, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि जे बक्षीस आपण नकळत देतो, त्याचं काय? पोरगं मोबाइलसाठी रडतं. चार वेळा "नाही" म्हणतो, पाचव्यांदा आवाज सहन होत नाही म्हणून देऊन टाकतो. ते शिकतं की पाच वेळा रडायचं. कधी दुसऱ्यांदा, कधी आठव्यांदा मिळालं तर ही सवय आणखी चिवट होते. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की सवय सुटता सुटत नाही, हे स्किनरने कबुतरांवर दाखवलं होतं. ठाम राहायचं ठरवलं तर आधी रडणं वाढतं, आणि बहुतेक घरं नेमकी तिथे हरतात. मग त्याच पोराला जिद्दी म्हणून मारतात. शिकवलं आपणच, मारही आपणच देतो. हा अन्याय मला बघवत नाही.

त्या वडिलांना मी ग्रुपवर नाही, वेगळा मेसेज केला. "भाऊ, परवानगी मला नको, परत घ्या. आजपासून पंधरा दिवस त्याच्या गुणांवर काही बोलू नका. फक्त रोज वही उघडायची आणि एक बरोबर सोडवलेलं गणित शोधून त्याला म्हणायचं, हा हातचा बरोबर धरलास. एकही सापडलं नाही तर मला फोन करा, मी शोधून देते."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, वहीच नाही देऊन राहिला. उशीखाली घेऊन झोपते."

मी म्हटलं, मागू नका. तुम्ही नुसते त्याच्याजवळ बसा.