जगात आपला नंबर कसा काढावा

हरित ऊर्जेत आपला देश जगाच्या पुढे आहे, हे चारचौघांत ठासून सांगायचंय? काही अवघड नाही.

आधी ‘क्षमता’ हा शब्द घट्ट धरा. ‘वापर’ तोंडातून निघता कामा नये. 2025 च्या मध्यात देशाच्या वीजक्षमतेत कोळसा-तेल-गॅस सोडून बाकीचा वाटा 50 टक्क्यांवर गेला, हे मोठ्याने सांगा. त्यात अणुभट्ट्या आणि मोठी धरणंही धरलीत, हे पुटपुटा. प्रत्यक्ष तयार होणारी 70 टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशाचीच, हे गिळून टाका.

कुणी बहुतेक वीज पाण्यावर करणारा नॉर्वे काढलाच तर विचारा, “त्यांची लोकसंख्या किती हो?”

चीनचा विषय निघाला की चहा सांगा.

जैवइंधनाला मात्र ब्राझील घ्यायचा. तिथे पेट्रोलमध्ये 30 टक्के इथेनॉल, आपण 20 वर आलो, तेही 2030 चं लक्ष्य 2025 लाच गाठून. टाळ्या! पण तिथे हा कार्यक्रम 1975 पासून चालू आहे, 2003 पासून दोन्हीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात, पंपावर नुसतं इथेनॉल वेगळं असतं आणि परवडलं तरच लोक ते भरतात, असल्या फाटक्यात पाय घालू नका. आमच्या पंपावर बिनइथेनॉलचं साधं पेट्रोल मागितलं तर पोरगं म्हणालं, “काका, हेच हाय, भरू का?” लिटरमागे इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशाने कमी, मग ॲव्हरेज पडणारच. भाव उतरला का? आणि ऊस! तिकडचा बहुतेक ऊस पावसावर येतो. आमचा बोअरवर. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, त्याच्या आजूबाजूला उसाचे फड उभे करायचे आणि ब्राझीलशी बरोबरी सांगायची!

परवा शिवारातला डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला. तक्रार घेऊन गेलो तर साहेबांनी मोबाईलवर तक्ता दाखवला, “बघा, हरित ऊर्जेच्या क्षमतेत आपण जगात चौथे.” मी म्हटलं, डीपी कधी? तर म्हणे, तो न्यायला वर्गणी करून टेम्पो आणा, बघू.

अहो, माणशी वापर काढा ना एकदा! नॉर्वेत वर्षाला 20,000 युनिटच्या वर, आपल्याकडे 1,500 च्या आत. त्यात आमच्या शेतपंपाच्या वाट्याला रात्री साडेबाराची थ्री फेज लाईट. अंधारात हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला आम्ही जायचं आणि चौथा नंबर तुम्ही मिरवायचा? तक्ते कसले दाखवता? आधी डीपीत ऑइल टाका, दिवसा आठ तास लाईट द्या, मग खुशाल ब्राझीलला जा.