साहेबाच्या उशाशी
यंदा अधिक महिन्यामुळे पितृपक्ष ऑक्टोबरात ढकलला गेला होता. सर्वपित्री चार दिवसांवर आलेली, आणि मी घरात जाहीर केलं, "रविवारी जरा कबरस्तानात जाऊन येतो."

आई कोथिंबीर निवडायची थांबली. "आपली माणसं सोडून?"

"अगं, तिथून मालगाड्या जातात. त्यांचे फोटो काढायचेत." या खुलाशानं तिची काळजी दुप्पट झाली.

इगतपुरीच्या आसपास, थळ घाटाच्या माथ्यावर, रुळांना खेटून गोऱ्यांचं एक जुनं कबरस्तान आहे. (नेमकं कुठे ते सांगत नाही, उगाच रविवारी गर्दी व्हायची.) 1865 साली रेल्वे हा घाट चढली. चढ सदतीस फुटांमागे एक फूट. या घाटांच्या कामावर पटकीनं माणसं पटापट गेली. साहेबांच्या वाट्याला निदान दगड आले, आपल्या मजुरांच्या वाट्याला तेवढंही नाही. माझ्या आवडत्या कबरीवर नाव पुसलंय, फक्त '18' उरलंय, पुढे शेवाळ. पाऊस उघडला की तिच्याभोवती सोनकी पिवळीधमक फुलते, आणि साडेपाचच्या तिरप्या उन्हात कोळशाची काळीकुट्ट वाघीणसुद्धा (मालगाडीचा डबा हो) लग्नाला निघाल्यासारखी दिसते.

हे ऊन टिकतं जेमतेम वीस मिनिटं. आणि मालगाडीला वेळापत्रक नसतं. एक्स्प्रेस कुठे रखडलीय ते मोबाईल सांगतो. मालगाडीचं फक्त मालगाडीला ठाऊक, कधीकधी तिलाही नसावं.

म्हणून दोनलाच जाऊन बसलो. ऑक्टोबरचं ऊन टाळूवर, गवतातलं कुसळ मोज्यात. पाचपर्यंत चार मालगाड्या गेल्या, चारही भगभगीत उजेडात. पाचनंतर शुकशुकाट. आला तो एक बकऱ्यावाला बाबा.

"काय करून राह्यले?"

"मालगाडीचा फोटो काढायचाय."

"तुमची हाय का?"

"नाही."

"मंग माल तुमचा?"

"नाही हो."

"रेल्वे पैसं देती?"

"नाही."

बाबा कबरीच्या कडेला टेकला. तंबाखू मळता मळता अगदी मायेनं विचारलं, "घरी कोन कोन असतं?"

उत्तर देणार तेवढ्यात घाटातून घरघर आली. ओझ्यानं कण्हत चढणारी मालगाडी! पाच चाळीस. ऊन असं की कॅमेऱ्यालाही गहिवरून यावं. समोर कबर, सोनकी, मोडका क्रूस, आणि वळणावरून पुढे सरकणारं इंजिन. मी श्वास रोखला. आणखी फक्त दोन खांब.

आणि अलीकडच्या रुळावरून मुंबईकडे उतरणारी एक्स्प्रेस धाडधाड मध्ये आली. एकामागून एक निळे डबे. दारात बसलेल्या एकानं मला टाटा केला. कॅमेऱ्यात तेवढं मात्र खणखणीत उमटलंय. शेवटचा डबा सरला तेव्हा इंजिन केव्हाच पुढे निघून गेलेलं, मागे नुसत्या वाघिणींची रांग.

पण घाटातली मालगाडी म्हणजे मागून ढकलायला बँकर इंजिनं असणारच! पन्नासेक वाघिणी मोजत दबा धरला. गार्डाचा डबा आला (2022 पासून गार्डाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, डबा तोच), त्यामागे बँकर, तोंडावर झळाळतं ऊन. बटण दाबलं.

त्याच क्षणी बाबाची एक बकरी साहेबाच्या कबरीवर चढली.

फोटोत बकरी आहे. शिंगांपासून खुरांपर्यंत लखलखीत, हनुवटीखालचे केससुद्धा मोजून घ्यावेत. तिच्या पोटामागे काहीतरी लालसर, धूसर.

"चांदी हाय ती," बाबानं कॅमेऱ्यात डोकावून सांगितलं. "गाभन हाय. येवढा धाडून द्या."

सर्वपित्रीला जेवणं उरकल्यावर आईनं आपणहून फोटो मागितला. चष्मा लावून बराच वेळ पाहिला, मग मावशीला हाक मारली, "बघ गं, किती गोड बकरी काढलीय यानं. आणि आम्हाला काय सांगून गेला होता, तर मालगाडी!"