रक्तातील ‘क्रॅग’ चाचणी आणि पाठीतील पाणी : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. बुरशीजन्य मेंदुज्वराचे निदान पाठीतील पाण्यावरूनच (म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीचे, पाठीच्या कण्यातून सुईने काढलेले पाणी) व्हायला हवे, मी रक्ततपासणीला अवाजवी महत्त्व दिले आणि त्यामुळे रुग्ण पाणी काढू देण्यास नकार देतील, असा आपला आक्षेप आहे. यातील शेवटची भीती मला रास्त वाटते; मात्र तेवढ्यासाठी रक्ततपासणीचे मोल कमी लेखणे मला मान्य नाही.

क्रिप्टोकॉकस ही बुरशी श्वासावाटे फुप्फुसात शिरते आणि एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचते. तिच्या कवचातील ‘क्रॅग’ हे प्रतिजन (क्रिप्टोकॉकल अँटिजेन, म्हणजे बुरशीची ओळख पटवणारा अंश) म्हणूनच रक्तात आधी सापडते. युगांडातील एका अभ्यासात ते लक्षणांच्या साधारण तीन आठवडे आधी आढळले होते. हा अवधी पाण्याच्या तपासणीने हाती लागणे अवघड आहे, कारण ज्याला काहीच तक्रार नाही त्याच्या पाठीत सुई घालण्याचा विचार कोणी करणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) दर घनमिलिमीटर रक्तात १०० पेक्षा कमी असलेल्यांची ही चाचणी सुचवली आणि २०१८ साली २०० पर्यंतच्या रुग्णांचाही विचार करावा असे म्हटले, ते याच कारणाने. टांझानिया व झांबियातील चाचणीप्रयोगात मृत्यू २८ टक्क्यांनी घटले. अर्थात तिथे रुग्णांना घरी जाऊन आधारही दिला जात होता, त्यामुळे सगळे श्रेय एकट्या चाचणीला देता येणार नाही.

आता आपल्या मुद्द्याकडे येतो. रक्तातील चाचणी सकारात्मक आली, तर लक्षणे नसली तरी पाठीतील पाणी तपासावे, कारण काहींचा मेंदुज्वर तोवर मुका असतो. पाण्यात बुरशी नसेल तर फ्लुकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध पुरते; असेल तर अँफोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन ही अधिक जोरकस औषधे लागतात, आणि हा निवाडा रक्तावरून होत नाही. शिवाय मेंदूभोवतीचा दाब वाढलेला असल्यास पाणी काढणे हाच उपचार असतो. त्याने डोकेदुखी उतरते, दृष्टी वाचू शकते. नातेवाइकांना हे सुई टोचण्यापूर्वी शांतपणे सांगितलेच पाहिजे.

नकारात्मक निकालानेही निर्धास्त होऊ नये. एचआयव्हीग्रस्त रुग्णात त्यामुळे क्रिप्टोकॉकसची शक्यता फार कमी होते, पण आपल्याकडे क्षयाचा मेंदुज्वर पुष्कळ आढळतो आणि तो या चाचणीत दिसत नाही. अमेरिकेत २०१२ साली दूषित स्टेरॉइड इंजेक्शनांमुळे पसरलेला मेंदुज्वर मुख्यतः एक्सेरोहिलम या निराळ्याच बुरशीचा होता. तिथेही ‘क्रॅग’चा उपयोग नव्हता.

उपचारानंतर हे प्रतिजन कित्येक महिने रक्तात राहते, म्हणून बरे झाल्याची खात्री करण्यासाठी हीच चाचणी पुन्हापुन्हा करून घेऊ नये.