कामून घेतली?

मी जुनी चेतक स्कूटर घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा आई म्हणाली, "कशाला?" बायको म्हणाली, "कामून?" आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रीचाचा म्हणाले, "कायकू लिए सर?" परभणीत एकच प्रश्न तीन बोलींत विचारता येतो. माझ्याकडं उत्तर एकाही बोलीत नव्हतं.

खरं तर होतं, पण ते बेचाळीस वर्षांच्या मास्तरानं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. लहानपणी मामाच्या चेतकवर मी पुढं उभा राहायचो. मागं मामी, मामीच्या मांडीवर धाकटी, मामा-मामीच्या मधे दाबून बसवलेला मामेभाऊ आणि माझ्या पायांत पोखर्णीच्या नृसिंहाला न्यायचा नारळ. गंगाखेड रोडला लागलो की सगळा वारा आधी माझ्या तोंडावर यायचा. माझा वापरून झाला की मग मामाला मिळायचा. आमच्या वडिलांनी जन्मभर सायकल चालवली. त्यामुळं मोठेपणी कोण होणार, या प्रश्नाला माझं उत्तर डॉक्टर-इंजिनिअर असं कधीच नव्हतं. मला मामा व्हायचं होतं.

मानवतच्या एका गृहस्थांनी ती इच्छा चौदा हजार रुपयांत पुरी केली. मला मामा केलं.

जुनी गाडी घ्यायला जाताना जाणकार माणूस सोबत न्यावा, असं सगळेच सांगतात. मी मेव्हण्याला नेलं. तो भूगोल शिकवतो. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, पुढच्या चाकाला बुटानं ठोकरलं आणि म्हणाला, "रंग भारी हाये दाजी." मीही मग मागच्या चाकाला ठोकरलं. तपासणी संपली. मालक म्हणाले, "सर, एकहाती गाडी हाये, दुसऱ्या कुणाचा हातच नाई लागला." हे शंभर टक्के खरं निघालं. फक्त तो एक हात म्हणजे त्यांचे वडील, आणि ते चार वर्षांपूर्वी वारले होते. कागद अजून त्यांच्याच नावावर होते.

"चालवतच न्या," मालक म्हणाले. "घोडा हाये घोडा."

नाव घोड्याचंच आहे, ते कबूल. पण राणा प्रतापांचा चेतक जखमी पायानं ओढा ओलांडून गेला आणि पलीकडं जाऊन पडला, असं सांगतात. माझा ओढ्याच्या अलीकडंच पडला. कोल्हा पाटी अजून यायची होती, दुपारचे दोन वाजलेले, मे महिना. मेव्हणा बसनं पुढं निघून गेला होता, कारण त्याला ऊन सोसत नाही. मी किक मारत होतो. अठरा-वीस किका झाल्यावर एक ट्रॅक्टर थांबला. ट्रॅक्टरवाला उतरला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, स्कूटर हातातून घेतली, एका बाजूला पार कलती केली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं, सरळ केली आणि एकच किक मारली. सुरू!

"आमच्या दादाकडं व्हती," तो म्हणाला आणि गाडीवर बसून निघून गेला.

म्हणजे अक्षरशः निघून गेला. मी त्याच्या ट्रॅक्टरजवळ उभा. चौदा हजार आणि स्कूटर दोन्ही धुराच्या ढगात दिसेनासे झाले. पाचेक मिनिटांनी तो परत आला, चेहरा दहा वर्षांनी लहान झालेला. "गिअर जरा वढून टाकावं लागायलाय, बाकी इंजन भारी हाये," एवढं सांगून ट्रॅक्टरवर चढला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही स्कूटर कागदोपत्री कुणाचीही असो, माझी ती फक्त किका मारण्यापुरतीच असणार आहे.

त्याला कारणही आहे. बजाजची चेतक आली १९७२ साली. आमच्याकडं १९७२ म्हटलं की माणसं आधी दुष्काळ सांगतात, मग परभणीचं कृषी विद्यापीठ, आणि विषय निघालाच तर चेतक. पुढं १९८५ मधे औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला कारखाना निघाला आणि मराठवाड्याला ही गाडी घरच्या म्हशीइतकी जवळची झाली. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. ज्याच्या लग्नासाठी नंबर लावला, त्याच्या पोराच्या जावळाला गाडी यायची. २००९ मधे कंपनीनं स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि २०२० पासून तेच नाव बॅटरीवरच्या गाडीला लावलं. तिला किक नाही, गिअर नाही, धूर नाही. माझ्या पुतण्याकडं ती आहे. ती चालते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

माझीबद्दल मात्र सांगण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं मिस्त्रीचाचांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. त्यांनी गाडीकडं बघितलं, खिशातून लोहचुंबक काढलं आणि पत्र्याला लावलं. ते खाली पडलं. दुसरीकडं लावलं. तिथंही पडलं. "सर, इसमें पत्रा कित्ता है और लांबी कित्ती है, वो बारिश में मालूम होंगा." ज्या रंगावर मेव्हणा भाळला होता, त्याच्याखाली बोटभर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती. मूळची गाडी पोलादी पत्र्याची. माझी बरीचशी बांधकाम खात्यात मोडत होती.

मग चाचांनी माझा वर्ग घेतला. टू-स्ट्रोक इंजिन, याला तेल वेगळं नाही, पेट्रोलमधेच मिसळायचं. "एक लिटर को बीस एमएल. कम डाले तो पिस्टन पकड लेंगा, ज्यादा डाले तो मोहल्ला खाँसेंगा." गाडी लावली की सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा, नाहीतर कार्बोरेटर भरून वाहतो. त्या कॉकला चालू, बंद आणि रिझर्व्ह अशा तीन जागा. इंजिन उजव्या अंगाला, म्हणून गाडी तिकडं ओढणार, तुम्ही डावीकडं जीव लावायचा. "हौ ना?" ते दर वाक्यानंतर विचारत. मी हौ म्हणत होतो. वर्गात पोरं मला जशी हौ म्हणतात, तशीच.

दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो आणि दोन लिटरला चाळीस एमएल तेल मागितलं. पंपावरचा पोरगा विशीतला. त्यानं मला नीट न्याहाळलं.

"सर, पेट्रोलमधे तेल? फोडणी द्यायची का?"

मागं रांग वाढली, हॉर्न सुरू झाले. तेवढ्यात रांगेतले एक धोतरवाले आजोबा पुढं आले. "टाक की रे. चाळीसच टाक, जास्त नको. अन् झाकण लावून गाडी हलवा सर, नाई तर तेल बुडाला बसतंय." पाठोपाठ एक बँकेतले साहेब आले, त्यांच्या सासऱ्यांनी दिलेल्या चेतकची गोष्ट घेऊन. मग रांगेतलं कुणीच हॉर्न वाजवेना. पंपाच्या मधोमध चारजण माझी गाडी हलवत होते आणि मी झाकण धरून उभा होतो.

तेव्हापासून मी डिकीत तेलाची बाटली ठेवतो आणि मोजायला मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं माप. एका रात्री मुलीनं औषध तोंडात घेतलं आणि थुंकलं. बायकोनं मापाचा वास घेतला, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "अहो, तिचा खोकला तुमच्या धुरानं, अन् औषधही तुमचंच?" त्यावर मी काय बोलणार. नवीन माप आणलं.

सकाळी सातला आमच्या गल्लीत माझ्या किकांचा कार्यक्रम असतो. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर चहाचा कप घेऊन ओट्यावर येतात आणि शेजारचे काका पेपर खाली ठेवतात. एक जण मोजतो. सात किकांच्या आत सुरू झाली तर दोघंही नाराज होऊन घरात जातात. दहाच्या पुढं गेलं की सल्ले सुरू. प्लग काढा, पॉलिश पेपरनं घासा. चोक ओढा. चोक सोडा. कलती करा. या 'कलती करा'त गावाचं एकमत आहे; का करायची, यात नाही. पोस्टमास्तर म्हणतात, टाकी वर अन् पेट्रोल आपोआप खाली उतरतंय, त्याला वाट मिळती. काका म्हणतात, जास्तीचं पेट्रोल निघून जातंय. दोन्ही कारणं एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण कलती दोघंही एकाच बाजूला करतात.

आणि रात्रीचं तर विचारूच नका. माझ्या गाडीला बॅटरी नाही. इंजिन फिरेल तेवढाच उजेड. रेस दिली की दिवा पेटतो, कमी केली की निरांजन होतं. आता परभणीचे रस्ते डोळ्यांपुढं आणा. खड्डा आला असं वाटलं की माणूस स्वाभाविकपणे वेग कमी करतो. वेग कमी केला की दिवा मंद होतो आणि खड्डा दिसेनासा होतो. खड्डा दिसावा म्हणून रेस द्यावी, तर दिसेपर्यंत आपण त्यात पोचलेलो असतो. हॉर्नचंही तसंच, त्याचा आवाज इंजिनाच्या तब्येतीवर. हळू चालवताना तो खंगलेल्या टिटवीसारखा ओरडतो. मी आता रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीमागं राहून तिच्या उजेडात घरी येतो. त्यापायी दोनदा भलत्याच कॉलनीत पोचलो.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की छातीत भरून येतं. मालक स्वर्गात असल्यामुळं आधी एकतीस नंबरचा फॉर्म भरून गाडी मुलाच्या नावावर, मग एकोणतीस आणि तीस नंबरचे भरून मुलाच्या नावावरून माझ्या नावावर. त्यासाठी चेसिस नंबरची पेन्सिलीनं घेतलेली छाप लागते. कागद ठेवून वर शिसं घासायचं, आकडे उमटतात. माझ्या कागदावर काहीच उमटेना. चाचांनी खरवडायला घेतलं. आधी निळा रंग निघाला, त्याखाली हिरवा, त्याखाली लांबी, त्याखाली पांढरा. वेरूळचं कैलास लेणं जसं वरून खाली कोरत नेलं, तसे आम्ही दुपारभर त्या नंबरपर्यंत उतरत होतो. शेवटी पहिला आकडा दिसला तेव्हा चाचांच्या पोरानं टाळ्या वाजवल्या.

खर्चाची मी वही ठेवली होती. क्लच प्लेटा, गिअरची केबल, परत गिअरची केबल, पिस्टन रिंग, कार्बन धरलेला सायलेन्सर विस्तवात घालून जाळला त्याचे, आणि त्या जळण्यानं शेजारच्या टपरीचा पडदा काळा झाला त्याचे. बारा हजारांपर्यंत लिहिलं, पुढं वही मुलीला गृहपाठाला देऊन टाकली. आमच्या शहराबद्दल जुनी म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. चाचा बिल देताना ती म्हणतात आणि हसतात. मी पैसे देताना हसतो. दोन्ही हसण्यांत फरक आहे.

तरीही मागच्या महिन्यात गाडी खरोखर सुधारली. सलग नऊ दिवस ती सात किकांच्या आत सुरू झाली, पोस्टमास्तर बाहेर येईनासे झाले. त्या भरात मी वसमतच्या एका लग्नाला स्कूटरवर निघालो. झिरो फाट्यापर्यंत उत्तम. तिथं थांबलो, शिकवल्याप्रमाणं कॉक बंद केला, चहा घेतला, पैसे दिले, किक मारली, एका झटक्यात सुरू. हॉटेलवाला 'वा' म्हणाला. मी हात केला आणि निघालो. अर्धा किलोमीटर गेलो नसेन, गाडी दोनदा हुंदके देऊन बंद पडली.

पाच मिनिटांत पाच माणसं जमली. कुठून येतात देव जाणे, आजूबाजूला नुसती तुरी होती. पहिल्यानं कलती केली. दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूला केली. तिसऱ्यानं माझ्या डिकीतून पाना काढून प्लग खोलला, फुंकला, दगडावर घासला. चौथा म्हणाला, करंटच नाई. पाचवे एक म्हातारेबुवा, पांढरी टोपी, ते नुसतेच बांधावर टेकून बघत होते. तिसऱ्याचं मत पडलं की इंजिन उतरवावं लागेल, टेम्पो बोलवा. चौथ्यानं टेम्पोवाल्या भावाला फोनसुद्धा लावला. मी लग्नाचे कपडे घालून, अहेराचं पाकीट सावरत सीटला टेकलो आणि माझा हात सहज खाली गेला.

कॉक बंदच होता. चहा पिऊन मी तो उघडलाच नव्हता. कार्बोरेटरात उरलेल्या घोटभर पेट्रोलवर गाडी इथवर आली होती.

प्लग पुन्हा बसवून झाला होता. मी चेहरा होता तसाच ठेवला, बोटानं कॉक फिरवला, मनात वीसपर्यंत मोजलं आणि म्हणालो, "बघू, एकदा मारून तर बघू." पहिली किक रिकामी गेली. दुसऱ्या किकला सुरू. सगळे ओरडले. टेम्पोवाल्या भावाचा फोन तिथंच कट झाला.

"काय व्हतं सर?" तिसऱ्यानं विचारलं, काळे हात पुसत.

"प्लग," मी म्हणालो. "तुम्ही घासला म्हणून बरं झालं."

तो छाती फुगवून बाकीच्यांकडं बघू लागला. म्हातारेबुवा बांधावरून उठले, टोपी सारखी केली, गाडीजवळ आले आणि माझ्या सीटखाली, बरोब्बर त्याच जागी, दोनदा बोटानं टिचकी मारली.

"आमच्याबी गाडीचा प्लग हितंच असायचा."